अडीच मीटर

रस्त्यावरच्या फोटोंचा विषय निघाला की लोक आधी कॅमेरा कोणता ते विचारतात, मग भीती नाही का वाटत ते विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. उभं कुठे राहायचं? समोरच्या माणसापासून किती लांब? कॅमेऱ्यातले आकडे, माणसांशी वागण्याची रीत, पुढे कुठला फोटो दाखवायचा आणि कुठला नाही, यातलं बरंचसं या एका अंतरावर ठरतं. माझं उत्तर अडीच मीटर आहे. कुणाचं दोन असेल, कुणाचं तीन. दहा मात्र नसावं.

रस्त्याच्या पलीकडे उभं राहून २०० मिलिमीटरची, लांबचं जवळ ओढणारी झूम रोखली की माणूस हाती लागतो आणि त्याचा रस्ता सुटतो. जवळच्या-लांबच्या वस्तूंचं प्रमाण लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. १५ मीटरवरून पाहिलं तर माणूस आणि त्याच्या मागे २ मीटरवर असलेली हातगाडी जवळपास एकाच मापाच्या दिसतात, गाडी त्याच्या पाठीला चिकटते. तीच जोडी अडीच मीटरवरून पाहिली तर गाडी निम्म्याहून थोडी मोठी एवढीच दिसते, मध्ये हवा येते, माणूस पुढे उभा राहतो. शिवाय रुंद लेन्समध्ये (मिलिमीटरचा आकडा लहान तितकी लेन्स रुंद) आजूबाजूचं सगळं येतं: गाळ्यावरची पाटी, वजनकाटा, मागे वाकून पैसे मोजणारा दुसरा कुणी. हे झालं चित्राचं. दुसरं कारण माझ्या लेखी जास्त मोठं आहे. अडीच मीटरवर फोटो काढणारा दिसतो. समोरचा मान वळवू शकतो, हात आडवा करू शकतो, शिवी देऊ शकतो. लांबच्या लेन्सने ही सोयच काढून घेतलेली असते. बेसावध माणसाचा फोटो काढायचा तर निदान आपण तरी त्याच्या नजरेच्या टप्प्यात असावं.

आता हे अंतर डोळ्यांनी मोजायचं कसं? सर्वात सोपी पट्टी म्हणजे रिक्षा. तीनचाकी रिक्षाची लांबी अडीच मीटरला थोडी जास्त भरते. उभ्या रिक्षाच्या मागच्या टोकापासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर पुन्हा पुन्हा पाहून डोक्यात बसवलं की बाजारात ते आपोआप आठवतं. दुसरी पट्टी फ्रेमचीच. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा उजेड टिपणारा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो) २८ मिलिमीटरची लेन्स असेल तर अडीच मीटरवर आडव्या फ्रेमची उंची साधारण २.१ मीटर आणि रुंदी ३.२ मीटर भरते. म्हणजे उभा माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत मावला आणि वर-खाली थोडी जागा उरली, तर अंतर बरोबर. ३५ मिलिमीटरवर उंची १.७ मीटर उरते, तिथे तोच माणूस जेमतेम बसतो. पाय कापले जाण्याचा त्रास ३५ वापरणाऱ्यांना जास्त होतो, तो यामुळे. घोट्यावर कापलेला माणूस वाईट दिसतो. गुडघ्याच्या वर कापलेला चालतो.

अंतर पक्कं झालं की फोकसची कटकट संपते. ऑटोफोकस बाजारात दगा देतो, कारण त्याला समोर लटकणारी माळ, गाळ्याची दोरी, मध्येच गेलेला खांदा यातलं काहीही आवडू शकतं. तो चुकला हे घरी आल्यावर कळतं. त्यापेक्षा फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवावा आणि लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवावं. एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि स्पष्ट दिसणारा पट्टा लांब. २८ मिलिमीटरच्या लेन्सला एफ ८ वर ३.३ मीटरवर फोकस लावला तर सुमारे १.६५ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ ला तेवढी मोकळीक नाही: एफ ८, फोकस अडीच मीटर, स्पष्ट पट्टा अंदाजे १.७ ते ४.९ मीटर. फुल फ्रेमहून लहान असलेल्या एपीएस-सी सेन्सरवर १८ मिलिमीटर लेन्स असेल, तर एफ ८ ला २ मीटरवर फोकस लावून १ मीटरपासून पुढचं सगळं मिळतं. छोट्या कॅमेऱ्यांपैकी रिकोच्या जीआर मालिकेत अंतर आधी ठरवून ठेवायची ‘स्नॅप’ सोय आहे. बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधायला जात नाही, ठरलेल्या अंतरावरच फोटो घेतो. ज्या लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले नाहीत, तिथे एकदा रिक्षाएवढ्या अंतरावर फोकस करून हाताने फोकसच्या मोडवर जावं आणि रिंगवर कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. गळ्यातल्या कॅमेऱ्याची रिंग शर्टाला घासून फिरते आणि निम्मी सकाळ वाया जाते. चिकटपट्टी स्वस्त असते.

शटरबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. हात हलणार नाही एवढा वेग पुरतो, असं शिकवलं जातं. हात स्थिर असला तरी समोरचा चालतोय ना! ताशी ५ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालणारा माणूस अडीच मीटरवरून आडवा गेला, तर २८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये त्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला जवळपास १६ मिलिमीटर सरकते. शटर १/१०० सेकंद उघडं राहिलं तर ती ०.१६ मिलिमीटर सरकेल. सहा बाय चार इंचाचा प्रिंट काढला की हाच पुसटपणा चौपटीहून वाढतो, पाऊण मिलिमीटरच्या घरात जातो, आणि चेहऱ्यावर तो लगेच दिसतो. १/५०० ला तो दिसेनासा होतो. म्हणून आडव्या चालणाऱ्या माणसाला १/५००, समोरून येणाऱ्याला १/२५०, बसलेल्याला १/१२५. धावत हातगाडी नेणाऱ्या हमालाला १/१०००. सोयीची मांडणी अशी: मॅन्युअल मोड, एफ ८, १/५००, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) आपोआप आणि त्याची वरची मर्यादा ६४००. कडक उन्हात या मांडणीला आयएसओ १२५ च्या आसपास येतो, उघड्या सावलीत १००० ते २०००. त्याहून वर गेला तर दाणा, म्हणजे रवाळपणा दिसेल. दिसू दे. दाणेदार फोटो लोक बघतात, हललेला चेहरा बघत नाहीत.

पांढऱ्या कपड्यांनी कॅमेरा दोन वेगवेगळ्या प्रकारे फसतो आणि इलाजही उलटसुलट आहेत. वारीत दिंडीच्या आत उभं राहिलं की फ्रेमभर धोतरं, सदरे, टोप्या. कॅमेऱ्याला हे सगळं राखाडी करायचं असतं, म्हणून तो फोटो काळवंडवतो. तिथे दोन-तृतीयांश स्टॉप वाढवावा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). याउलट अंधाऱ्या कमानीत एकच पांढरी टोपी उन्हात असेल तर कॅमेरा अंधार पाहून उजेड वाढवतो आणि टोपी जळून जाते, तिच्यात काही उरत नाही. तिथे एक स्टॉप कमी. झेंडूचा प्रकार अजून फसवा. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा साधा आलेख व्यवस्थित दिसतो, पण नारिंगी-पिवळ्यात लाल रंगाची वाहिनी आधीच भरून वाहिलेली असते. पाकळ्यांच्या जागी नुसता रंगाचा सपाट ढीग उरतो. तीन रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा पर्याय चालू ठेवावा आणि झेंडूच्या राशीसमोर निदान दोन-तृतीयांश स्टॉप खाली यावं.

उजेडाबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण इथे परदेशी पुस्तकी सल्ले उपयोगी पडत नाहीत. ‘सकाळ-संध्याकाळच काढा, दुपारी काढू नका’ हा सल्ला मुंबई-पुण्यात मे महिन्यात अगदी खरा आहे. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. जुलैचा दिवस बहुतेक ढगांत जातो; मेच्या उन्हात दुपारी डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख असतो, नाकाची सावली ओठावर पडते, कुठलाही चेहरा थकलेला आणि रागावलेला दिसतो. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही. साडेपाच फुटी माणसाची सावली भर दुपारी दीड मीटर पडते. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे दिवसभर तिरपं ऊन असतं आणि सकाळी दहा ते दुपारी तीन हा वेळ टाकून देण्याचं काही कारण नाही. बाजार तर त्याच वेळेत भरलेला असतो.

असं ऊन कुठे शोधायचं? मुंबईत दादाभाई नौरोजी मार्ग घ्या. सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंत दोन्ही बाजूंना इमारतींच्या खाली कमानींचे व्हरांडे आहेत. पश्चिमेकडच्या इमारतींचं तोंड पूर्वेला असल्यामुळे सूर्य समोरच्या छपरांवर चढला की तिथल्या कमानींमधून उन्हाचे तिरपे पट्टे फरशीवर पडतात. दर खांबामागे एक सावली, दर कमानीत एक उजेडाचा चौकोन. ऑफिसला निघालेला माणूस दोन पावलं काळोखात आणि दोन पावलं उन्हात चालतो. इथे उजेडाच्या चौकोनावर एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते पक्कं करावं: एफ ८, १/१०००, आयएसओ २५०. सावलीचा भाग या आकड्यांना जवळजवळ काळा पडतो, पडू द्यावा. मग पट्ट्यापासून अडीच मीटरवर, खांबाला पाठ लावून थांबावं. खांबाला पाठ लावायची कारणं दोन. मागून धक्का लागत नाही, आणि आपण वाटेत येत नाही. पट्टा सरकत असतो. वीसेक मिनिटांत चौकोन भिंतीवर चढतो किंवा फेरीवाल्याच्या मालावर जातो, तेव्हा नवा कोपरा शोधावा लागतो.

थांबायचं की फिरायचं, यावर रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांमध्ये कायमचे दोन तट आहेत. मी थांबणाऱ्यांच्या बाजूचा, पण अट एक: आधी पार्श्वभूमी चांगली हवी. पाटीवरची अक्षरं अर्धी कापलेली नकोत, डोक्यातून विजेचा खांब उगवायला नको, फ्रेमच्या कडेला पांढरी प्लास्टिकची पिशवी नको, कारण डोळा आधी तिच्याकडे जातो. नेपथ्य बरोबर लागलं की माणसांची वाट बघायची. माणूस आला की दाबायचं कधी? पाय फाकलेले असताना. पुढचं पाऊल टेकायच्या बेतात असताना दोन पायांमध्ये त्रिकोण होतो आणि चाल दिसते. पाय एकमेकांवरून जात असताना दाबलं तर माणूस एका पायावर लंगडत असल्यासारखा येतो. माणसं दोन असली तर त्यांच्या डोक्यांमध्ये थोडी भिंत दिसायला हवी. एकावर एक आलेली डोकी म्हणजे दोन धडांचा एक प्राणी. हे पाहण्याएवढा वेळ मिळत नाही, असं वाटतं. मिळतो. पण फोकस आणि एक्स्पोजर आधीच ठरलेलं असेल तरच.

पहाटेच्या दादरच्या फूलबाजारात हे सगळे नियम मोडावे लागतात. दादर स्टेशनच्या पश्चिमेला उजाडायच्या आधीच गोणी सुटलेल्या असतात, आणि दिवे एलईडीचे असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं: एक फोटो उजळ, दुसरा काळा, तिसऱ्यावर आडवे पट्टे. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर पट्टे हमखास. १/१०० वर एक पूर्ण हेलकावा शटरमध्ये बसतो आणि त्रास जातो, पण १/१०० ला चालणारा माणूस हलतो हे वर आलंच आहे. मग तोडगा असा की पहाटे चालणाऱ्यांचा नाद सोडावा. बसून हार ओवणाऱ्या बायका, गोणीवर टेकून हिशेब लिहिणारा, चहाचा ग्लास तोंडाला लावलेला हमाल, यांना १/१०० पुरतं. एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००. २८ मिलिमीटरला एफ २.८ वर अडीच मीटरचा फोकस लावला तर स्पष्ट पट्टा २ ते ३.४ मीटर एवढाच उरतो, म्हणून अंतराचा अंदाज इथे खराखुरा कामाला लागतो. काही कॅमेऱ्यांत दिव्याच्या तेजाच्या क्षणी शटर उघडणारा ‘अँटी-फ्लिकर’ पर्याय असतो, तो यांत्रिक शटरसोबत चालू ठेवावा.

रंगाचा घोळ वेगळा. वर निळी ताडपत्री, खाली पिवळा बल्ब. ताडपत्रीखालच्या चेहऱ्यावर दिवस उजाडला की निळसर राखाडी झाक येते. ती काढायला गेलं की बल्बचा भाग शेंदरी होतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद) असली तरी दोन दिव्यांची भेसळ पूर्ण सुटत नाही. चेहरा बल्बकडे वळेपर्यंत थांबावं किंवा फोटो सरळ कृष्णधवल करावा. कृष्णधवल ‘कलात्मक’ असतं म्हणून करणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. रंग बिघडला म्हणून केलं तर ते प्रामाणिक कारण आहे.

बाजारात उभं राहण्याचे काही नियम कॅमेऱ्याशी संबंधित नाहीत, तरी तेच आधी शिकावेत. ‘साइड, साइड!’ अशी हाक मागून आली की व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढायचा आणि कडेला व्हायचं. डोक्यावर पाटी असलेला माणूस थांबू शकत नाही, त्याची मान वळत नाही, वजनाचा तोल त्याला तुमच्याभोवती फिरू देत नाही. गिऱ्हाईक आणि गाळा यांच्या मध्ये उभं राहू नये. सौदा चालू असताना त्या दोघांचा फोटो बाजूने घ्यावा. बसलेल्या विक्रेत्यांचे फोटो उभ्याने काढले की सगळी माणसं खालून वर बघणारी, केविलवाणी दिसतात. गुडघा टेकावा. कोळणी बोलायला रोखठोक असतात आणि धंद्याच्या वेळेत त्यांची नाराजी वाजवी असते: कॅमेरा बघून गिऱ्हाईक बिचकतं. विक्री थंडावली की ‘मावशी, एक काढू का?’ विचारलं तर बऱ्याचदा होकार येतो, पण मग तो बेसावध फोटो राहत नाही, पोझ येते. पहिले दोन पोझचे फोटो घ्यावेत, दाखवावेत, आणि तिथून हलू नये. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मावशी पुन्हा कोयता हातात घेते, आपल्याला विसरते.

कमरेवरून न बघता फोटो काढण्याची चाल फार लोकप्रिय आहे. ती चालते, पण कॅमेरा किंचित वर कलला की इमारती मागे पडतात, चेहऱ्यांऐवजी हनुवट्या आणि नाकपुड्या येतात. कॅमेऱ्याची पाठ जमिनीला काटकोनात ठेवावी, रुंद लेन्स घ्यावी आणि वरच्या बाजूला डोकी कापली जाणार हे गृहीत धरावं. कमरेच्या उंचीचा खरा उपयोग होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या काळच्या रोलायफ्लेक्समध्ये होता. वरून काचेत वाकून बघायचं, चेहरा खाली, त्यामुळे समोरच्यावर नजर रोखल्यासारखं वाटत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकाराने तो कॅमेरा कित्येक वर्षं वापरला. आज हीच सोय वर उघडणारा स्क्रीन देतो. मान खाली घालून पडदा बघणारा माणूस आजकाल कुणाच्या लक्षातही येत नाही, सगळेच तसे उभे असतात.

मोबाइलवाल्यांसाठी थोडंच. मुख्य कॅमेऱ्याची दृष्टी साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते आणि सेन्सर लहान असल्यामुळे फोकसची चिंता जवळजवळ नसते. चिंता दुसरी: फोन अनेक फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवतो, आणि उजेड कमी असला की चालणाऱ्या माणसाला तीन हात येतात. नाइट मोड बंद ठेवावा, पडद्यावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर कुलूपबंद करावं, आवाजाच्या बटणाने फोटो घ्यावा, आणि खिशातून काढल्यावर लेन्स पुसावी. न पुसलेल्या लेन्समुळे दिव्यांना लांब शेपट्या फुटतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

शटर मुद्दाम मंद करण्याची जागा आहे, ती स्टेशनची गर्दी. छायाचित्रकार रघु राय यांचा १९९५ सालचा चर्चगेट स्टेशनचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो: भोवती गर्दी धुरासारखी वाहते आहे आणि पेपर वाचणारी माणसं मात्र ठाम. असा परिणाम दिवसाउजेडी स्टेशनच्या छपराखाली एफ १६, आयएसओ १०० आणि पाव ते अर्ध्या सेकंदाच्या शटरला मिळतो. कॅमेरा कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून. हातात धरून अर्धा सेकंद काढायला गेलात तर ठाम माणसंही विरघळतील आणि फोटोत कशालाच आधार राहणार नाही. स्टेशनच्या हद्दीत कॅमेरा बघून पोलीस हटकतात. ट्रायपॉड उघडू नये आणि ‘बंद करा’ म्हटल्यावर वाद घालू नये.

कायद्याचं थोडक्यात: सार्वजनिक रस्त्यावर माणसांचे फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. खासगी कृतीत असलेल्या स्त्रीचा तिच्या इच्छेविरुद्ध फोटो काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांवर रोखलेल्या लेन्सा दर आषाढीला दिसतात आणि वारीचे ‘अस्सल’ फोटो म्हणून मिरवतात, ते बघून संताप येतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. सिग्नलवर भीक मागणाऱ्या पोराचा चेहरा टाकण्याआधी हे आठवावं. संरक्षण दलाच्या आवाराकडे कॅमेरा नेऊ नये; कुलाब्यात फिरताना हे सहज विसरलं जातं. जाहिरातीसाठी फोटो वापरायचा तर त्या माणसाची लेखी परवानगी हवीच.

कायद्यात नसलेली बंधनं ज्याची त्याने आखायची. माझी ही: झोपलेला माणूस नाही, नशेतला नाही, रडणारा नाही. लेडीज डब्यात पुरुषाने कॅमेरा काढायचा नाही. कुणी नको म्हटलं की त्याच्यासमोर फोटो पुसायचा, तो कितीही चांगला असला तरी. ‘दादा, हा बघा काढला, आवडला नसेल तर पुसतो’ हे वाक्य आधी बोललं तर पुसायची वेळ क्वचित येते. कॅमेरा पटकन खाली घेऊन दुसरीकडे बघणाऱ्याचाच लोकांना संशय येतो.

पाऊस आणि भंडारा हे यंत्राचे दोन शत्रू. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी हवेत हळद असते, ती लेन्सच्या प्रत्येक फटीत जाते. मागे-पुढे होणारी झूम भात्यासारखी हवा ओढते आणि भंडारा आत घेते. तिथे एकच स्थिर लेन्स लावावी, वर साधा फिल्टर, आणि गड उतरेपर्यंत लेन्स बदलू नये. नंतर कापडाने पुसायचं नाही, आधी रबरी फुंकणी, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. पावसाळ्यात एसीतून बाहेर आलं की काचेवर बाष्प धरतं. निघायच्या आधी कॅमेरा चेनच्या बंद पिशवीत घालून अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवावा. बुरशी ही मुंबईतली खरी गोष्ट आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आत जाळं धरतं. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मध्ये. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून परत घालावेत. कढई मात्र वेगळी ठेवावी, ते दाणे खाण्याच्या भांड्यात जाता कामा नयेत.

काढलेले फोटो निवडायला लगेच बसू नये. रस्त्यावरच्या फोटोंसाठी गाजलेले अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारले तेव्हा त्यांचे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. एरवीही ते काढणं आणि बघणं यात मुद्दाम महिने जाऊ देत, म्हणजे तो दिवस किती छान गेला याचा फोटोवर परिणाम होत नाही. एवढं टोकाला जायला नको, पण दोन-तीन आठवडे थांबल्यावर आवडलेले फोटो वेगळे निघतात, हे खरं. निवडताना छोट्या आकारात बघावं. अंगठ्याएवढ्या चित्रात आकार जमत नसेल तर मोठ्यातही जमत नाही. थोडं वाकडं क्षितिज सरळ करावं, कडेचा कचरा असेल तर कापावं. माणूस पुसून टाकणं, दुसरीकडचं आकाश आणून चिकटवणं, हे केलं तर तो रस्त्यावरचा फोटो राहत नाही. मग त्याला काहीही म्हणा.

दाखवताना फोटोखालची ओळ छोटी असावी. जागा, महिना, वर्ष. ‘गरिबीतही हसू’ असली ओळ त्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालते, आणि तो कदाचित सकाळच्या चांगल्या सौद्यामुळे हसत असतो. फाइलमध्ये दडलेली जीपीएसची नोंद काढून टाकावी. बाजाराचं नाव पुरे, गाळा सापडेल इतकी माहिती नको. ज्याचा चेहरा मोठा आणि ओळखू येण्यासारखा आहे, त्याला आपल्या फोटोमुळे घरी किंवा कामावर बोलणी बसतील का, एवढा एक प्रश्न विचारावा. शंका आली तर टाकू नये.

आणि प्रिंट द्यावेत. सहा बाय चारचा प्रिंट लॅबमध्ये फार महाग पडत नाही. कॅमेऱ्याची तीनास दोनची फ्रेम त्यावर पूर्ण बसते. फोनची चारास तीनची असते, ती कापली जाते, म्हणून ‘पूर्ण फ्रेम, पांढऱ्या कडेसह’ असं लॅबला सांगावं. १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलं तर पुढून वळ उठतात. पातळ मार्करने तारीख घालावी आणि शाई वाळेपर्यंत प्रिंट एकावर एक ठेवू नयेत. माणूस सापडला नाही तर शेजारच्या गाळ्यावर ठेवून यावा. बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात, पाकिटावर फक्त एवढं लिहावं: ‘लिंबूवाल्या काकांना द्या’.